पट्टा

छोटा हत्ती बांधाला लावला
तवा पाल्यावर दव तसंच हुतं.
पद्मश्रीनं मागचं फळकूट पाडलं.
नाव पद्मश्री. सरकारनं दिल्यालं न्हवं,
बारशाला ठेवल्यालं. मगदुमांची पोरगी.
सहा हातांचा तो किडा दोघांनी खाली घेतला,
बाळंतिणीची बाज उचलावी
तसा, धक्का न लावता.

दत्तवाडचं शिवार, दूधगंगेच्या अंगाचं.
भूपालअण्णाचा चार एकर ऊस,
शहाऐंशी-बत्तीस, डोक्याच्या वर दोन हात,
आन् पानावर तांबेरा, गंजल्या पत्र्यागत.
असल्या उसात माणूस शिरत न्हाई.
मी शिरायचो.

एकतीस वर्सं.
पाठीवर सोळा लिटर,
डाव्यानं हापसायचं, उजव्यानं मारायचं,
पात गालावरनं वस्तऱ्यागत जायची.
मजुरी पंपावर. एकर कुणी इचारत न्हवतं,
सांजंला एकच सवाल: किती पंप झालं?
बायको पाठ चोळायची, म्हणायची,
बैलाला जू बसतं तसा पट्टा बसलाय तुमच्या खांद्याला.
पोरगं मांडीवर यायचं न्हाई.
आंघोळ करा म्हणायचं.
केलीय, म्हणायचो.

आता मी पाणी भरतो, औषध ढवळतो,
तापल्याली बॅटरी काढून गार बसवतो.
पद्मश्री चारी कोपरं फिरून आली,
रिमोट पोटाशी धरून, चपला हातात घेऊन.
आन् तो उठला.
बगळं उठलं. टिटवी तर अंगावरच धावली त्याच्या,
शिव्या देत देत, पार चिंचंपर्यंत.
खाली ऊस असा दबला
जशी म्हशीच्या पाठीवर माशी बसावी
आन् नुसतं कातडं थरथरावं.

सात मिनिटांत एकर.
मी तंबाखू मळतोय, चुना कमी पडला का बघतोय,
तोवर ह्यो परत दारात.

भूपालअण्णा म्हणाले,
तुझं काम खाल्लं की रं यंत्रानं.
म्हटलं, खाऊ दे अण्णा.
खाल्लं ते इखच हुतं.

मग तिनं पडदा दावला. हे बघा मामा, तुमी.
टोपी. टोपीएवढाच एक ठिपका बांधावर.
बाकी सगळा ऊस.
एकतीस वर्सं मी ह्याच्या आत हुतो,
शेंडा कसा दिसतो ठावं न्हवतं.
सऱ्या पोराच्या वहीतल्या रेघांगत,
आन् मधीच एक टक्कल, पिवळट.
हितं काय झालंय? तिनं इचारलं.
जुनी हीर हाय तिथं. बुजवल्याली.
मुरूम वर आलाय.
तिनं ते फोनात लिवून घेतलं.
मी सांगितल्यालं कुणी लिवलं,
हे बी नवीनच.

उगवतीला मोठ्या लाइनीच्या तारा जात्यात.
तिथं येऊन तो थबकला,
बुजऱ्या खोंडानं पुलावर थबकावं तसा.
तारांखाली न्यायचा न्हाई मामा, ती म्हणाली.
ह्या बांधापासनं त्या बांधापातुर
वीस फुटी पट्टा राहिला.
अण्णा म्हणाले, ऱ्हाऊ दे तेवढा.
राहू दे म्हटल्यावर
तांबेरा राहतोय व्हय?

टेम्पोत, कॅनांच्या मागं,
माझा पंप हुता.
कुणी आण म्हटलं न्हवतं.

तिनं हातमोजं दिलं, चष्मा दिला, तोंडाला मास्क,
घातल्याबिगर आत सोडणार न्हाई म्हणाली,
आन् मोजं घालेपातुर उभीच राहिली.
मी पट्टा खांद्यावर घेतला.
जिथल्या तिथं बसला, भाड्या.

किती लागतील मामा?
दीड, म्हटलं.

लागलं तीन.

आत तसंच हुतं सगळं. अंधार, पाचट, घामाचा वास,
फकस्त वर, पानांच्या फटीतनं,
तारा गुणगुणत हुत्या.

बाहीर आलो तर ती बॉनेटवर वही ठेवून
अण्णाचा हिशोब मांडत हुती.
बॅटऱ्या पाच.
खाली दुसऱ्या ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात:
पंप तीन.